गंजगोलाईतली रोजमेळाची वही: मोहाच्या खरेदीसाठी एक कागदी उपाय

लातूरच्या गंजगोलाईत, जिथे जगदंबेच्या मंदिराभोवती १६ रस्ते येऊन मिळतात, तिथल्या वह्या-कागदांच्या दुकानांत लाल कापडी पाठीची, लांबट आकाराची रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची, वही अजूनही मिळते. व्यापाऱ्यांसाठी बनवलेली ही वही आमच्या घरात घरखर्चासाठी, आणि त्यातही मोहाच्या खरेदीला आवर घालण्यासाठी वापरली जाते. तिचेच हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकते. झालेला खर्च नोंदवण्यासाठी ही वही मोबाईलवरच्या ॲपपेक्षा सरस आहे असे मला वाटत नाही, परंतु अजून न केलेला खर्च लिहून ठेवण्यासाठी तिच्याइतके सोयीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि हात आखडायचा असेल तर खरे महत्त्व या दुसऱ्या नोंदीलाच आहे.

वहीची मांडणी जुन्या देशी नाम्याची, म्हणजे हिशेब लिहिण्याच्या पद्धतीची, आहे. उघडल्यावर डाव्या पानावर जमा, म्हणजे आलेले पैसे, आणि उजव्या पानावर नावे, म्हणजे गेलेले पैसे. प्रत्येक पानावर तारखेचा, तपशिलाचा, खातेपान क्रमांकाचा, रुपयांचा आणि पैशांचा असे रकाने लाल-निळ्या रेघांनी आखलेले असतात. मधल्या आकाराच्या वहीला मला नव्वद रुपये पडले. संगणकावर बिले निघू लागल्यापासून दुकानदार या वह्या बेतानेच मागवतात, त्यामुळे भरपूर माल पाहून निवड करायची असेल तर दिवाळीतल्या वहीपूजनाच्या आधीचे दिवस बरे. इतर वेळी जे असेल ते घ्यावे लागते. मी वही मागितल्यावर दुकानदारांनी आपुलकीने विचारले, "ताई, कशाचं दुकान टाकलंय?" घरासाठी पाहिजे म्हटल्यावर ते म्हणाले, "घराला एवढी मोठी वही कशाला लागती? हाताएवढी डायरी न्या की." त्यांचा सल्ला प्रामाणिक होता, पण तो मी मानला नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

कागदाबद्दल फार चांगले बोलता येणार नाही. तो पिवळसर आणि पातळ आहे, शाईच्या पेनाने लिहिले तर मागच्या पानावर उमटते आणि खोडरबर दोनदा फिरवले की लव निघते. बॉलपेन वापरले तर मात्र तक्रारीला जागा उरत नाही. शिवण पक्की आहे, वही सपाट उघडते आणि उघडी राहते, ही मोठी जमेची बाजू आहे. घेताना पाने चाळून पाहावीत, कारण मला दाखवलेल्या पहिल्या वहीत एक जुडी उलटी शिवलेली होती. दुकानदारांनी काही न बोलता ती बदलून दिली.

आता वापराविषयी. आजच्या घरखर्चात पैशांच्या रकान्याला काही काम उरलेले नाही, म्हणून तो रिकामा रकाना मी एका खुणेसाठी वापरते. खरेदी घरातून ठरवून निघून केली असेल तर तिथे 'ठ', आणि दुकानात किंवा फोनवर पाहून ऐनवेळी केली असेल तर 'ऐ'. एवढ्या एका अक्षराने जे दिसते ते महिन्याच्या बेरजेने दिसत नाही. बेरीज फक्त सांगते की किराण्यावर इतके आणि कपड्यांवर इतके गेले. पण किराण्यातही 'ऐ' असतो आणि कपड्यांतही 'ठ' असतो. आमच्या वहीत 'ऐ'ची गर्दी जिथे वाटली होती तिथे, म्हणजे साड्यांत, निघालीच नाही. ती निघाली स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, फोनच्या कव्हरांत, शंभर-दोनशे रुपयांच्या अशा वस्तूंत, ज्यांच्यासाठी घरात कोणी कोणाला विचारत नाही. मोठी खरेदी चारचौघांत चर्चा होऊन होते, लहान खरेदी मुकाट्याने होते, आणि वहीतल्या अक्षरांच्या रांगेत तिचे प्रमाण उघड होते.

तरीही ही खूण खर्च झाल्यानंतरची आहे. पैसा गेलेला असतो, वस्तू घरात असते, आणि नोंद करणाऱ्याच्या हाती फार तर चुटपुट लागते. म्हणून वहीचा खरा उपयोग शेवटच्या पानांवर आहे. मागून मोजून काही पाने मी वेगळी काढली आणि त्यांवर, जी वस्तू घ्यावीशी वाटते ती घेण्याआधी लिहायची असा घरात ठराव केला. तारखेच्या रकान्यात मनात आले तो दिवस, तपशिलात वस्तू आणि ती कुठे पाहिली ते, रुपयांत किंमत. खातेपान क्रमांकाच्या रकान्यात आम्ही लिहितो ती वस्तू कोणाला हवी आहे, म्हणजे एका अक्षरात घरातले माणूस. पाचशे रुपयांच्या आतल्या वस्तूवर पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी पुन्हा नजर टाकायची, त्यावरच्या वस्तूवर पुढचा पगार झाल्यावर. तोवर कोणी नाही म्हणत नाही; फक्त लिहिले आहे एवढेच. नाही म्हणण्यावरून घरात जे वाद होतात ते यामुळे बरेच टळतात, हा फायदा मला आधी सुचलाही नव्हता. लहान डायरीत ही सोय नीट होत नाही. पान मोठे असल्यामुळे महिनाभराच्या सगळ्या इच्छा एका नजरेत शेजारी-शेजारी दिसतात, आणि शेजारी ठेवल्यावर त्यांतल्या काही आपोआप फिक्या पडतात.

या पानांवर एक रकाना मी हाताने आखून वाढवला आहे, आणि माझ्या मते या सगळ्या पद्धतीतला तो सर्वांत कामाचा भाग आहे. आमचे अर्धे उत्पन्न नोकरीचे आणि अर्धे औसा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतीचे. त्यामुळे किमतीच्या शेजारी ती वस्तू किती क्विंटल सोयाबीनची आहे तेही लिहायचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे सोळा हजारांचा फोन हमीभावानेच तीन क्विंटलचा झाला. आडत बाजारात भाव चार हजारांवर उतरलेला असेल तर तोच फोन चार क्विंटलचा होतो, जरी दुकानातल्या चिठ्ठीवर त्याची किंमत तीच असली तरी. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल पडले तर बरे म्हणायचे दिवस असतात, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा व्हायची असते. हे सगळे त्या एका रकान्यात लिहावे लागत नाही. शेत पाहिलेल्या माणसाला 'चार क्विंटल' एवढे वाचले की पुरते. केवळ पगारावर चालणाऱ्या घरांनी तिथे कामाचे दिवस लिहावेत, पण त्याचा ठसा तितका उमटतो असे मला वाटत नाही, कारण पगाराचा दिवस डोळ्यांपुढे पोत्यासारखा उभा राहत नाही.

मराठवाड्यात या पद्धतीची गरज अधिक का, याचे कारण आपल्याकडे पैसा कसा येतो यात आहे. महिन्याच्या महिन्याला सारखी रक्कम हाती येण्याऐवजी तो वर्षातून एक-दोनदा एकदम येतो. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये निघते, अडत्याकडून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, हाती पडते, आणि नेमके तेच दिवस दसरा-दिवाळीचे, म्हणजे दुकानांच्या रोषणाईचे आणि फोनवरच्या सवलतींचे असतात. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, घरी येईपर्यंतच्या रस्त्यावर दुचाकीचे, दूरचित्रवाणी संचांचे आणि सोन्याचे दुकान लागतेच. भिशी लागली तरी हेच होते. हातात एकदम आलेली रक्कम वर्षभराची असते, पण त्या आठवड्यात ती त्या आठवड्याचीच वाटते. म्हणून पट्टी आली की आमच्याकडे पहिली नोंद जमेच्या पानावर होते, आणि समोरच्या नावे पानावर त्याच दिवशी उचल फेडणे, पुढच्या बियाण्याचे, शाळेच्या शुल्काचे आणि सोसायटीच्या कर्जाचे आकडे पेन्सिलीने मांडले जातात. त्यानंतर जी शिल्लक दिसते तिच्यावर मागच्या पानांतल्या इच्छांनी हक्क सांगायचा.

२०२५ च्या सप्टेंबरात हा ताळमेळ फार विचित्र रीतीने दिसला. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. मोठे दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या, आणि सणाच्या जाहिरातींना त्यामुळे भरते आले. त्याच दिवसांत अतिवृष्टीने मराठवाड्यातली सोयाबीनची राने पाण्याखाली होती. फोनला रानातले पाणी दिसत नाही. सवलत संपायला किती तास उरले ते तो त्याच उत्साहाने सांगत राहतो. त्या महिन्यात आमच्या मागच्या पानांवर नोंदी भरपूर झाल्या, आणि क्विंटलच्या रकान्यात काय लिहावे हे न कळल्यामुळे तो कोराच राहिला. त्यांतल्या बहुतेक वस्तूंचे नाव नंतर कोणी काढलेही नाही.

आता ज्यांच्याशी या वहीची तुलना होणार त्या साधनांकडे वळू. फोनवरची खर्च मोजणारी ॲप बँकेचे संदेश वाचून आपोआप नोंद करतात. श्रम वाचतात हे खरे, पण श्रम वाचणे हाच इथे दोष ठरतो, कारण नोंद करताना हात जो क्षणभर थांबतो तो थांबतच नाही. शिवाय आपल्याकडे चहावाला, भाजीवाली, चप्पल शिवणारा यांचे यूपीआय खाते बहुधा स्वतःच्या वैयक्तिक नावाने असते. ॲपला ते नाव कोणाचे हे कळत नाही, म्हणून अर्धा खर्च 'इतर' किंवा 'व्यक्तीला पाठवले' या खात्यात जाऊन बसतो. काही ॲप खर्चाचा आलेख दाखवता-दाखवता खालीच तत्काळ कर्जाची जाहिरातही दाखवतात, आणि खर्च आवरायला आलेल्या माणसाला कर्ज देऊ करणे यातला विनोद त्यांच्या लक्षात येत नसावा. मात्र आपोआप कापले जाणारे हप्ते आणि वर्गण्या (सबस्क्रिप्शन) पकडण्यात ॲप वहीपेक्षा पुढे आहेत, हे मान्य केले पाहिजे. जे पैसे माझ्या हातून जात नाहीत ते माझ्या वहीतही येत नाहीत. त्यासाठी महिन्यातून एकदा बँकेचा उतारा समोर घेऊन बसावेच लागते.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि आज गावच्या आठवडी बाजारातही कोथिंबिरीच्या जुडीशेजारी क्यूआर कोड असतो. नोट मोजून देताना होणारी बारीकशी जाणीव त्यात राहत नाही, ही तक्रार सगळेच करतात. उपाय मात्र त्या व्यवस्थेतच थोडेफार आहेत. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे लहान रकमांसाठीच्या फोनमधल्या बटव्यात, एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. पिन लागत नाही म्हणून हे मोहाला पोषक वाटेल, परंतु आठवड्याची वरखर्चाची रक्कम एकदा त्यात भरली आणि आपोआप पुन्हा भरण्याची सोय बंद ठेवली, तर तिचा बटव्यासारखा उपयोग होतो: संपले की संपले. एक अडचण ध्यानात ठेवावी. बँकेच्या पासबुकात लाइटमध्ये भरलेली रक्कमच दिसते, तिथून झालेले सुटे व्यवहार दिसत नाहीत, त्यामुळे वहीची गरज इथे उलट वाढते. कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना ग्राहकांसाठी कार्ड चालू-बंद करण्याची आणि व्यवहाराची मर्यादा ठरवण्याची सोय द्यायला सांगितले. ऑनलाइन व्यवहार एरवी बंद ठेवून गरजेपुरते चालू करणे हा दोन मिनिटांचा त्रास आहे, आणि तो त्रास मला उपयोगी वाटतो.

फोनवरच्या दुकानांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे घाई मुद्दाम घडवलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. 'आता फक्त दोनच शिल्लक' असे खोटेच सांगणे, न मागता टोपलीत विमा किंवा देणगी घालणे, नकाराच्या बटणावर 'नको, मला बचत करायची नाही' असे लिहून लाजवणे, शेवटच्या पायरीवर नवीन शुल्क काढणे, वर्गणी बंद करण्याचा रस्ता लपवणे, हे सर्व त्यात आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. नियम झाला म्हणून घड्याळाचे उलटे काटे थांबले असे नाही. परंतु मागच्या पानावर वस्तू लिहिताना मी 'सवलत कधी संपते' हेही लिहू लागले, आणि तीच वस्तू तीच किंवा जवळपासची किंमत घेऊन पुन्हा दिसते हे त्या नोंदींवरूनच घरातल्या मुलांच्या लक्षात आले. त्यांना मी सांगून जे पटले नसते ते स्वतःच्या अक्षरात पाहून पटले.

हप्त्यांची खरेदी या वहीत नोंदवायला थोडी चिकाटी लागते. 'बिनखर्चाचा हप्ता' (नो-कॉस्ट ईएमआय) असे जिथे म्हटलेले असते तिथे व्याज नसते असे नाही. व्याजाइतकी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवून ते झाकलेले असते. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ग्राहकाकडून घेतला जातो. व्याजाचा भाग १,३०० रुपये असेल तर कराचे २३४ रुपये झाले, आणि प्रक्रिया शुल्क व त्यावरचा कर आणखी वेगळा. रक्कम मोठी नाही, पण 'बिनखर्चाचा' या विशेषणाला ती शोभत नाही. म्हणून मागच्या पानावर हप्ता लिहायचा नाही, सगळ्या हप्त्यांची आणि शुल्काची मिळून होणारी पूर्ण रक्कम लिहायची, असा नियम मी केला आहे. महिना १,५०० आणि एकूण १८,००० या एकाच वस्तूच्या दोन किमती पाहणाऱ्याच्या मनावर सारख्या उमटत नाहीत.

खास घरखर्चासाठी छापलेल्या देखण्या वह्याही आता ऑनलाइन मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच जपानी 'काकेबो' पद्धतीचे नाव सांगतात. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये जपानी गृहिणींसाठी हिशेबाची अशी वही पहिल्यांदा प्रसिद्ध केली. गरज, हौस, संस्कृती आणि अनपेक्षित अशी तिच्यातल्या खर्चाची विभागणी हल्ली सांगितली जाते, आणि हौसेला वेगळे घर दिल्यामुळे ती दाबली न जाता मोजली जाते, हे मला फार आवडते. पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या छापील वह्यांत जिम, बाहेरचे जेवण आणि पाळीव प्राणी यांना रकाने असतात. आहेर, भिशी, बचत गटाचा हप्ता, पाहुण्यांचा मानपान आणि तुळजापूरची वारी यांना नसतात. लग्नसराईत आहेराचा खर्च घरभाड्यापेक्षा जास्त होणाऱ्या प्रदेशात ही उणीव लहान नाही. आणि आहेर गरज की हौस, हे जपानी पद्धतीत ठरवून मिळत नाही. दिलेला आहेर आपल्या घरच्या कार्यात परत येतो, त्यामुळे तो खर्चापेक्षा उधारीच्या जवळचा आहे. रोजमेळाच्या कोऱ्या तपशिलाच्या रकान्यात तो निमूटपणे बसतो, आणि पूर्वी कोणी काय दिले हे शोधायलाही तेच पान उपयोगी पडते. शिवाय पाच-सहाशे रुपयांची वही खर्च कमी करण्यासाठी घेणे मला पटले नाही.

वहीच्या मर्यादा उघड आहेत. ती बाजारात नेता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर टिपून घरी येऊन उतरवावे लागते आणि चिठ्ठ्या हरवतात. बेरीज स्वतः करावी लागते. घरातला एकच माणूस लिहीत असेल तर हळूहळू तो घरातला शिपाई होतो आणि बाकीचे त्याच्यापासून खरेदी लपवू लागतात. हा धोका मला कागदाच्या दर्जापेक्षा गंभीर वाटतो. आमच्याकडे त्यावर एवढेच केले की वही कपाटात न ठेवता फ्रिजवर ठेवली आणि प्रत्येकाला महिन्याला थोडी रक्कम अशी दिली जिचा हिशेब विचारायचा नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा "हे काय दुकान मांडलंय घरात" म्हणून नाक मुरडले, पण मागच्या पानांवर सर्वांत नेमाने नोंदी त्यांच्याच असतात, आणि त्यांतल्या निम्म्या देवाच्या भांड्यांच्या.

एकट्याने राहणाऱ्या, सगळा खर्च फोनवरून करणाऱ्या आणि महिन्याला ठरावीक पगार घेणाऱ्या माणसाला ही वही घ्या असा आग्रह मी करणार नाही. त्याला कार्डाच्या मर्यादा, लाइटमधली आठवड्याची रक्कम आणि एक साधी यादी पुरेल. शेतीचा पैसा येणाऱ्या, तीन-चार माणसांच्या आणि भिशी-आहेराचे व्यवहार असणाऱ्या घरांसाठी मात्र ती नव्वद रुपयांत उत्तम आहे. दुकानात मधल्या आकाराची, शंभर पानांच्या आसपासची मागावी. मोठी वही वर्षभरात भरत नाही आणि फ्रिजवर मावतही नाही. मागची पाने आधीच मोजून, एक जास्तीचा रकाना आखून घरी आणली की त्या दिवसापासून वापरता येते.